ऋषीची भाजी आणि राहून गेलेलं उत्तर

यंदा ऋषिपंचमीच्या सकाळी साडेसातलाच फोन वाजला. न्यू जर्सीहून भाचेसून बोलत होती. तिच्याकडे आदल्या रात्रीचे दहा वाजले होते. म्हणाली, "मावशी, ऋषीची भाजी प्रेशर कुकरमध्ये केली तर चालते का हो? अळू आणि सुरण फ्रोजन मिळालंय. उद्या ऑफिस आहे, तासभर ढवळत बसायला वेळ नाही."

मी म्हटलं, "न चालायला काय झालं? सुरण, मक्याचे तुकडे, माठाचे देठ, अळू आणि चिंचेचा कोळ आधी घाल. दोन शिट्ट्या कर. मग झाकण काढून भोपळा आणि दोडका टाक आणि उघड्यावरच शिजव. नाहीतर भोपळ्याचा लगदा होईल."

ती खूश झाली आणि फोन ठेवला. माझं मन मात्र त्या भाजीपाशीच घुटमळत राहिलं. या भाजीवरून मला एका मुलीनं वर्गात प्रश्न विचारला होता आणि मी त्याचं उत्तर दिलं नव्हतं. त्याला चाळीस वर्षं उलटून गेली. आज ते लिहून टाकावं म्हणते. लांबण लागेल, पण तुम्हाला माझी सवय आहेच!

ज्यांना ही भाजी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध पंचमीला, बायका ऋषिपंचमीचं व्रत करतात. व्रताच्या कथेत विटाळाचा जो भाग आहे तो मला पटत नाही, त्यामुळे मी उपास कधीच सोडून दिला. भाजी मात्र सोडली नाही. त्या दिवशीच्या जेवणाचा एक नियम आहे. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. म्हणजे नांगरलेल्या शेतातलं काही नको, परसात हातानं लावलेलं तेवढं चालतं. मग अळू, माठ, सुरण, पडवळ, दोडका (माझ्या कोकणातल्या माहेरी शिराळं, सासरी सातारा जिल्ह्यात दोडका), लाल भोपळा, मक्याच्या कणसांचे तुकडे, ओले शेंगदाणे, हिरवी मिरची, चिंच, वरून ओलं खोबरं आणि तूप, असं सगळं एका पातेल्यात. फोडणी नाही, मसाला नाही. इंग्रजीत ज्याला स्ट्यू म्हणतात तसलाच हा प्रकार, फक्त आपल्या अंगणातला.

माझं लग्न झालं तेव्हा सासरी ही भाजी पितळी पातेल्यात व्हायची. मी शाळेत नोकरीला लागले 1974 साली. शाळा पावणेअकराची. सकाळी पाच माणसांचा स्वयंपाक, डबे, सासऱ्यांचं पथ्याचं वेगळं, आणि मग धावत शाळा. 1977 साली पगाराच्या फरकाचे थोडे पैसे एकदम हातात आले आणि मी कुकर घेतला. दुकानदारानं वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. सासूबाई आठ दिवस त्याच्या वाऱ्याला उभ्या राहिल्या नाहीत. शिट्टी झाली की देवघरातून ओरडायच्या, "अगं, बघ गं तो, फुटेल!" त्यांचं म्हणणं असं की जे अन्न दिसत नाही, ढवळता येत नाही, ते शिजलं की नाही हे कसं कळायचं? ऋषीची भाजी तर त्यात नकोच. "ऋषींकडे कुकर होता का?"

मी इतिहास शिकवणारी बाई. मला तेव्हा सासूबाईंना सांगता यायला हवं होतं की तुमची भीती फार जुनी आहे, आणि तिच्यावरचा उपायही तितकाच जुना आहे. पण मला स्वतःलाच ते ठाऊक नव्हतं. पुष्कळ नंतर वाचलं.

कुकर हा विसाव्या शतकातला शोध असं आपल्याला वाटतं. खरं तर तो शिवाजी महाराजांच्या हयातीतला आहे. दनी पापँ नावाचा फ्रान्समधला एक डॉक्टर होता, जन्म 1647. पॅरिसमध्ये हायगेन्सच्या हाताखाली आणि मग लंडनमध्ये रॉबर्ट बॉइलकडे त्यानं काम केलं. 1679 मध्ये त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर एक जाड भांडं मांडलं. झाकण घट्ट आवळलेलं, आत पाणी आणि हाडं. वाफेला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून आतला दाब वाढतो. दाब वाढला की पाणी शंभर अंशांवर न उकळता त्याहून अधिक तापतं, आणि एरवी न शिजणारं हाडसुद्धा मऊ पडतं. आपल्या घरातल्या कुकरमध्ये दाब बाहेरच्या हवेच्या साधारण दुप्पट होतो आणि पाणी 120 अंशांच्या आसपास जातं. म्हणून डाळ लवकर शिजते. याच्या उलट लडाखमध्ये लेहला हवा विरळ, त्यामुळे पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळायला लागतं आणि उघड्या पातेल्यात डाळ काही केल्या शिजत नाही. म्हणून तिथे कुकर ही चैन नाही, गरज आहे.

आणि सासूबाईंचं "फुटेल"? ती भीती पापँलाही होती. म्हणून त्यानं झाकणाला एक भोक ठेवलं, त्यावर एक दांडी आणि दांडीला वजन. दाब फार वाढला की वजन उचललं जाणार आणि वाफ निघून जाणार. आज आपल्या शिट्टीचं वजन तेच काम करतं. पुढे वाफेच्या इंजिनांना जो सुरक्षेचा व्हॉल्व्ह बसला, त्याचा पूर्वज स्वयंपाकाच्या भांड्यावर बसलेला होता, हे मला फार गमतीचं वाटतं. पापँनं नंतर वाफेनं दट्ट्या हलवण्याची कल्पनाही 1690 मध्ये मांडली. पण त्याच्या हाताला पैसा लागला नाही. 1713 च्या सुमारास तो लंडनमध्येच गरिबीत गेला.

12 एप्रिल 1682 ला रॉयल सोसायटीच्या काही सभासदांनी एक जेवण केलं. सगळे पदार्थ पापँच्या भांड्यात शिजवलेले. जॉन एव्हलिन नावाच्या सभासदानं रोजनिशीत त्याची नोंद ठेवली आहे. हाडं चीजसारखी मऊ झाली होती, मासे काट्यांसकट खाता आले आणि इतकं सगळं आठ औंसांपेक्षा कमी कोळशात, म्हणजे पाव किलोहूनही कमी कोळशात, झालं. हाडांच्या रसाची जेली त्यानं पेलाभर बायकोसाठी घरी पाठवली. मला ही नोंद फार आवडते. एवढे मोठे विद्वान जमले, पण त्या नव्या भांड्याची खरी परीक्षा घरातल्या बाईनं करायची होती!

आता आपल्याकडच्या सनावळीशेजारी हे ठेवून बघा. 1679 मध्ये लंडनला पापँ भांडं दाखवत होता, त्याच वर्षी खांदेरीच्या बेटावरून महाराजांचं आरमार मुंबईच्या इंग्रजांशी झुंजत होतं. 1682 मध्ये लंडनला ती मेजवानी झाली, तेव्हा औरंगजेब दख्खनेत उतरला होता आणि संभाजी महाराजांच्या मावळ्यांनी नाशिकजवळचा रामशेज लढवायला घेतला होता. मी पस्तीस वर्षं खांदेरी आणि रामशेज शिकवलं. पण त्याच वर्षी जगात दुसरीकडे काय शिजत होतं हे एकदाही सांगितलं नाही. पुस्तकात नव्हतं ना!

भारतात वाफेवरच्या स्वयंपाकाचा एक देशी प्रयोग कुकरच्या आधी होऊन गेला. बंगालमधल्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी 1910 मध्ये इकमिक कुकर काढला. एका उंच डब्यात एकावर एक भांडी आणि तळाशी निखारे. पुरीच्या जगन्नाथाच्या मंदिरात मडक्यावर मडकी रचून प्रसाद शिजवतात, त्यावरून ही कल्पना सुचली असं सांगतात. त्यात दाब नव्हता, नुसती वाफ होती. एकट्यानं राहणाऱ्या नोकरदारांना त्याचा मोठा आधार झाला. अमेरिकेत 1939 च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात घरगुती प्रेशर कुकर लोकांपुढे आला, आणि आपल्या देशात 1959 पासून हॉकिन्स आणि प्रेस्टीज या दोन नावांनी तो बनू लागला. माझ्याकडे तो पोचायला आणखी अठरा वर्षं लागली.

सासूबाईंचं मन कसं वळलं? वादानं नाही. एकदा मला ताप आला, तेव्हा त्यांनी स्वतःच वरणभात लावला, शिट्ट्या मोजल्या, आणि संध्याकाळी म्हणाल्या, "गॅस किती वाचतो गं!" पुढच्या ऋषिपंचमीला सुरण आणि देठ कुकरमध्ये गेले. ऋषींची आठवण कुणी काढली नाही.

कुकरनं मला काय दिलं असं कुणी विचारलं तर मी सांगेन, सकाळचा पाऊण तास. सगळाच्या सगळा पाऊण तास माझा नव्हता हे खरं. पण त्यातली पंधरा-वीस मिनिटं तरी मी ओट्याशी उभी राहून वाचू लागले. पानांवर हळदीची बोटं उमटायची. ग्रंथपाल रागवायचे. पण मला ज्या पुस्तकांनी हलवलं ती सगळी मी शिट्टीकडे एक कान ठेवूनच वाचली आहेत.

त्या पुस्तकांकडे वळण्याआधी तो प्रश्न सांगायला हवा.

1983 साल. आठवीचा वर्ग, गौरी-गणपतीच्या सुट्टीनंतरचा पहिला आठवडा. धडा भौगोलिक शोधांचा. 1492 कोलंबस, 1498 वास्को द गामा. मी फळ्यावर लिहिलं, "अमेरिकेतून जगाला मिळालेली पिकं: मका, बटाटा, मिरची, भुईमूग, तंबाखू." मुलं उतरवून घेत होती. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. नाव सांगत नाही. म्हणाली, "बाई, आमच्याकडे परवा ऋषीची भाजी केली होती. तिच्यात मका होता. मका कोलंबसानंतर आला तर ऋषींना कुठून मिळाला?"

वर्ग खोखो हसला. माझ्यापुढे घटक चाचणी होती, दोन धडे मागे पडलेले होते. आणि खरं सांगायचं तर मला उत्तर येत नव्हतं. मी म्हटलं, "आगाऊपणा नको. खाली बस. लिहून घे."

ती बसली. लिहून घेतलं. वर्षभरात तिनं दुसरा प्रश्न विचारला नाही. हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

बी.एड.ला आम्ही फ्रोबेल, माँटेसरी, ड्यूई शिकलो होतो. म्हणजे पाच-पाच गुणांच्या टिपा पाठ केल्या होत्या. 'बालकेंद्री शिक्षणाची वैशिष्ट्ये लिहा' हा प्रश्न आम्ही परीक्षककेंद्री पद्धतीनं सोडवत असू. 1991 च्या मे महिन्यात एका मैत्रिणीनं गिजुभाई बधेकांच्या 'दिवास्वप्न'चा हिंदी अनुवाद दिला. मूळ गुजराती पुस्तक 1930 च्या दशकाच्या सुरुवातीचं. गिजुभाई आधी वकील होते. 1916 मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि 1920 मध्ये तिथे बालमंदिर सुरू झालं.

'दिवास्वप्न'ची गोष्ट साधी आहे. एक शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याकडे जातो आणि चौथीचा एक वर्ग वर्षभर प्रयोगासाठी मागून घेतो. मला त्यात सगळ्यात काय आवडलं असेल, तर पहिल्या दिवशी त्याची झालेली फजिती. तो मोठ्या हौसेनं शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि मुलं नुसता गोंधळ घालतात. शेवटी सुट्टी देऊन टाकावी लागते. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला लागतो आणि वर्ग गप्प होतो. मग पाठ्यपुस्तकांच्या पैशातून वर्गाचं वाचनालय होतं, खेळ येतात, नाटकं येतात, इतिहाससुद्धा गोष्टीतून येतो. नवी पद्धत सांगणारी पुस्तकं बहुतेक वेळा यशाच्याच कहाण्या सांगतात. इथे लेखक आधी स्वतःची फजिती सांगतो, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास बसला.

गिजुभाईंच्या सहकारी होत्या ताराबाई मोडक. त्यांनी मराठीत हेच काम उभं केलं. 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ, 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र, 1957 पासून कोसबाडची टेकडी. वारली मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. मुलं गुरं राखायला जातात म्हटल्यावर शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. त्यांचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' मी दोनदा वाचलं. मूल आलं नाही तर आपण मुलाकडे जायचं, एवढीच त्यातली पद्धत. तंत्र म्हणावं असं काही नाही, पण करायला फार अवघड.

मग 'तोत्तोचान'. तेत्सुको कुरोयानागींचं हे पुस्तक 1981 मध्ये जपानीत आलं, आणि त्यातली तोमोए शाळा खरोखरच होती. टोकियोत 1937 मध्ये कोबायाशी सरांनी रेल्वेच्या जुन्या डब्यांत ती सुरू केली. 1945 च्या बाँबहल्ल्यात जळाली. तिथे डब्यात काय आणायचं याचा नियम असा की काहीतरी समुद्रातलं आणि काहीतरी डोंगरातलं. जेवायच्या वेळी सर सगळ्यांचे डबे बघत फिरायचे आणि त्यांच्या पत्नीच्या हातात दोन भांडी असायची, एकात समुद्रातलं, दुसऱ्यात डोंगरातलं. ज्याच्या डब्यात जे नसेल ते वाढायचं. भूगोल, आहारशास्त्र आणि कुणाचा डबा गरिबाचा आहे हे कुणालाही कळू न देणं, तिन्ही एका डावात! आणि पहिल्या दिवशी सरांनी काय केलं? त्या बडबड्या मुलीचं बोलणं चार तास ऐकून घेतलं. हे वाचताना कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि मी गॅस बंद करायला विसरले. मला आठवीचा तो वर्ग आठवला होता. मी चार मिनिटंही दिली नव्हती.

'प्रिय बाई' सगळ्यात कडू. इटलीतल्या बार्बियाना नावाच्या डोंगरी वस्तीत डॉन मिलानी या धर्मगुरूंनी नापास ठरलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांची शाळा चालवली. त्यातल्या आठ मुलांनी मिळून एका शिक्षिकेला पत्र लिहिलं, तेच हे पुस्तक, 1967 सालचं. गरिबांची मुलं शाळेतून गळतात की शाळा त्यांना गाळते, याचा हिशेब त्यांनी आकडे मांडून विचारला आहे. ते वाचताना सारखं वाटत होतं की पाकिटावर माझाच पत्ता आहे.

इतकं वाचल्यावर गप्प बसवेना. 1992 च्या भाद्रपदात सातवीच्या वर्गाला मी सांगितलं, प्रत्येकानं घरून एक भाजी आणायची आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून यायचं की ही आपल्याकडे केव्हापासून खातात. शनिवारी शाळेच्या मागच्या पटांगणात रॉकेलचा स्टोव्ह, माझा मोठा कुकर आणि बेचाळीस मुलं.

फजिती माझीही झाली. मुलांनी इतकं आणलं की मी कुकर गळ्यापर्यंत भरला. कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरू नये हे मला माहीत होतं, पण कुणाची भाजी बाहेर ठेवायची? माठाचं पान शिट्टीच्या भोकात अडकलं. शिट्टी होईना, कडेनं फुसफुस वाफ यायला लागली. मी स्टोव्ह विझवला आणि सगळ्यांना लांब उभं केलं. एक मुलगा म्हणाला, "बाई, आता काय होईल?" मग मी तिथेच पापँची गोष्ट सांगितली. दांडी, वजन, भोक, हाडं. पाऊण तास एकही मूल हललं नाही. कुकर थंड होईपर्यंत मीही उघडू शकत नव्हते, म्हणजे तासाची लांबीही आपोआप ठरली.

त्या दिवशी एक मुलगा उशिरा आला. शेतमजुराच्या घरचा, दरवर्षी जेमतेम काठावर पास होणारा. त्याच्या हातात टाकळ्याची जुडी होती. "आईनं बांधावरून दिली," म्हणाला. मी त्याला सहज विचारलं, अजून काय काय मिळतं रे बांधावर? तो सांगत सुटला. टाकळा, कुरडू, आघाडा, घोळ. कधी उगवतं, कोवळं कधीपर्यंत असतं, कशात चिंच घालायची. ना नांगर, ना बैल. ऋषीची भाजी खऱ्या अर्थानं त्याच्याच घरी होत होती. माझ्या हजेरीपटात त्याच्या नावापुढे 'कच्चा' असा शेरा होता आणि तो मीच लिहिलेला होता.

भाजी उघडली. थोडी गिच्च झाली होती. सगळ्यांनी पानावर घेऊन खाल्ली.

सोमवारी मुख्याध्यापकांनी बोलावलं. काही पालकांच्या तक्रारी आल्या होत्या. वरवर कारण स्टोव्हचं होतं आणि ते रास्तही होतं. पण मग ते खाली बघत म्हणाले, "बाई, कुणाच्या घरची भाजी, कुणाच्या हातचं... समजून घ्या." मी समजले. त्या टाकळ्याच्या जुडीबद्दल बोलणं चाललं होतं. मला तिथे बोलायला हवं होतं. मी "बरं" म्हटलं आणि बाहेर आले. घटक चाचणीत वर्गाचे गुणही थोडे उतरले, तेही ऐकून घेतलं. पुढच्या वर्षी मी तो तास घेतला नाही. गोष्टी सांगत राहिले, मुलांना घरी जाऊन प्रश्न विचारायला लावत राहिले, पण पटांगणात कुकर पुन्हा नेला नाही. 2009 मध्ये निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात सगळे म्हणाले, बाई फार प्रयोगशील होत्या. मी मान खाली घालून ऐकत होते.

दोन वर्षांपूर्वी साताऱ्याला एका लग्नात ती आठवीतली मुलगी भेटली. मुलगी कसली, पंचावन्नच्या आसपासची बाई! बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली, केसांत चांदी. वाकून नमस्कार केला, हात धरून बसली. मी विचारलं, "तुला ती ऋषीची भाजी आठवते का गं? तू मक्याचं विचारलं होतंस."

ती हसली. "नाही हो बाई. मी कधी असलं काही विचारलं? मला इतिहास कधी आवडलाच नाही. तुमचं अक्षर मात्र फार सुंदर होतं."

माया होती तिच्या बोलण्यात. मनात काही राग धरून बोलली नाही, तिला आठवतच नव्हतं. मला घरी येईपर्यंत बोलता आलं नाही. यांना वाटलं, जेवण बाधलं.

तर बाळ, तुझं उत्तर असं आहे.

ऋषींना मका मिळाला नाही. मका, लाल भोपळा, भुईमूग आणि मिरची ही चारही मूळची अमेरिकेची. कर्नाटकात सोमनाथपूरच्या तेराव्या शतकातल्या मंदिरात मूर्तींच्या हातात कणसासारखं काही दिसतं, त्यावरून 1989 मध्ये काही अमेरिकन अभ्यासकांनी मका आधीच इथे होता असं मांडलं होतं. पण बहुतेक जाणकारांना ते मान्य नाही. ही पिकं आली ती कोलंबसानंतर, मुख्यतः पोर्तुगीजांच्या जहाजांतून. गोवा त्यांनी 1510 मध्ये घेतला. बटाटा, काजू, अननस हे आपले शब्दसुद्धा त्यांच्याच भाषेतून आले. मिरचीला मात्र आपण आपल्या ओळखीच्या मिरीवरून नाव दिलं. त्या आधी या भाजीत तिखट कशाचं असेल? मिरीचं असू शकेल. आणि पातेल्यात सुरण, अळू, माठ, पडवळ, दोडका ही जुनी मंडळी असणार.

मग नवी मंडळी ऋषींच्या पानात शिरली कशी? हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. व्रताचा नियम नीट बघ. 'जुनं तेवढंच खा' असं तो म्हणत नाही. 'बैलाच्या कष्टाचं खाऊ नका' असं म्हणतो. कुणीतरी परसात मक्याचे चार दाणे टोकले, भोपळ्याचा वेल मांडवावर चढवला. हातानं लावलेलं, बैल नाही. नियमात बसलं, पातेल्यात गेलं. कुठल्या शास्त्र्यानं परवानगी दिली नसेल, कुणा बाईनंच ठरवलं असेल. जसं सासूबाईंनी ताप आलेल्या सुनेसाठी शिट्ट्या मोजत ठरवलं. आणि आता तर शेती ट्रॅक्टरनं होते, म्हणजे काटेकोर बघायला गेलं तर बाजारातली सगळीच मंडई ऋषींना चालावी!

हे उत्तर 1983 मध्ये मला येत नव्हतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. "मला माहीत नाही, आपण शोधू या," एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. गिजुभाईंपासून बार्बियानाच्या मुलांपर्यंत सगळी पुस्तकं वाचून मला शेवटी एवढंच वाक्य शिकता आलं, आणि तेही वर्ग सुटल्यावर.

संध्याकाळी भाचेसुनेचा फोटो आला. भाजी छान दिसत होती, भोपळ्याचे तुकडे अख्खे होते. तिची नऊ वर्षांची लेक मागून काहीतरी विचारत होती म्हणे, की ऋषी अमेरिकेत आले होते का, म्हणून इथला कॉर्न यात आहे? भाचेसून हैराण. "काय सांगू मावशी हिला?"

मी म्हटलं, "काही सांगू नकोस. फोन तिच्याकडे दे. मला वेळ आहे."